अर्धं तिकीट

रविवार, १ सप्टेंबर १९५७. येडशी

पोचलो एकदाचे! कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून ह्या छोट्या गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जत्रेतलं खेळणंच रुळावर ठेवलंय. बार्शीच्या पुढं तर एक बैलगाडीवाला आम्हांला मागं टाकून गेला आणि वर हात हलवून हसला. हे म्हणाले, बघ, नव्या मुलखात स्वागत कसं झालं ते. किती दिवसांनी हे असं काही बोलले आणि किती दिवसांनी मी हसले.

ह्यांची नेमणूक इथल्या नव्या शाळेत झालीय. निजामाच्या वेळी इथं शिकवणं उर्दूत चाले, आता मराठीचे मास्तर हवेत आणि ते मिळत नाहीत, म्हणून साताऱ्याकडच्या माणसांना बोलावणं. शाळेची सुट्टीसुद्धा पूर्वी शुक्रवारी असे, ती आता रविवारी केलीय. हेडमास्तर म्हणाले की पोरं जुनी सुट्टीही पाळतात आणि नवीही पाळतात.

जागा दोन खोल्यांची आहे. मागं अंगण, शेवग्याचं झाड, आडाला पाणी भरपूर. मालकीणबाई धुरपदाबाई पुढच्या बाजूला एकट्याच राहतात. पन्नाशी उलटलेल्या, कपाळ मोकळं, आवाज मात्र शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. आल्या आल्या त्यांनी धारोष्ण दूध दिलं आणि विचारलं, लेकरं किती? मी म्हटलं, नाहीत. हे ट्रंक उचलत होते ते तसेच वाकून थांबले. मग उचलली.

संध्याकाळी ह्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी केली. रामलिंग, तेर, तुळजापूर, तेरखेडा, परंडा, नळदुर्ग. दर रविवारी एक ठिकाण. मी म्हटलं, एवढं हिंडायला आपण काय सर्कशीतले आहोत? हे म्हणाले, तुझी तब्येत सुधारायला हवी, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी मला आराम करायला सांगितलं होतं. पण माणूस उत्साहानं यादी करत असेल तर कशाला मोडता घालायचा?

रविवार, ८ सप्टेंबर

आज पहिली सहल. भल्या सकाळी भाकरी, लसणाची चटणी आणि दह्याचा गडू घेऊन पायी निघालो. वाटेत कारळ्याची शेतं फुलली होती, नुसती पिवळीधमक. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत, भोवती ओढा वळसा घालून जातो. रावणाशी लढताना जटायू इथंच पडला असं लोक सांगतात. वानरं मात्र त्याच वेळची असावीत, इतकी हक्कानं वागतात. एकानं ह्यांची टोपी पळवली आणि झाडावर बसून स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली. हेडमास्तर शोभत होता. मी हसून हसून खाली बसले.

परतताना आम्ही वाट चुकलो. दरीच्या वरच्या अंगाला एक उतार होता आणि त्यावर एकटं चिंचेचं झाड. खाली शेंदूर फासलेला दगड. सटवाईचं ठाणं असणार, कारण फांद्यांना नवसाचे लाकडी पाळणे टांगले होते, तळहाताएवढे, पंधरा-वीस तरी. आणि सगळ्यांत खालच्या फांदीला एक खरोखरीचा, बाळाला निजवता येईल असा पाळणा. रिकामा.

आता लिहितेच. इथं तरी लिहायला हवं. मे महिन्यात साताऱ्याला, माहेरी, मला मुलगी झाली. पाचवीला आईनं पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवला, सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून. सटवाईनं नऊच दिवस लिहिले. हे तेव्हा पुण्याला परीक्षेला बसले होते. तार मिळून आले ते दहाव्या दिवशी. तोवर भाऊनं तिला मातीत ठेवलं होतं. ह्यांनी खोलीच्या दारात उभं राहून एकच विचारलं, कुणासारखी होती? मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. बारसं झालंच नव्हतं, त्यामुळं तिला नावही नाही.

तर हे त्या पाळण्याजवळ गेले आणि त्यांनी दोरी धरून झोका दिला. मी ओरडलेच. रिकामा पाळणा हलवू नये हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. ह्यांनी ऐकलं नाही. पाळण्यात वाकले, जसं बारशाला आत्या वाकते तसं, आणि हलकेच कुर्र केलं आणि काहीतरी कुजबुजले. काय म्हणालात, म्हणून मी विचारलं. हे म्हणाले, काही नाही.

वर आल्यावर मी वळून पाहिलं. वारा नव्हता. बाकीचे पाळणे स्थिर होते, तो एक हलत होता.

गुरुवार, १२ सप्टेंबर

हे फार खुशीत आहेत. शाळेतून येताना शीळ घालत येतात. काल दुपारी मी भाकरी थापत होते, तर मागच्या खोलीतून वाळ्यांचा आवाज आला. बाळाच्या पायातले वाळे वाजतात तसा. जाऊन पाहिलं तर कुणी नाही, खिडकीत चिमणी. चिमणीच असेल.

रविवार, १५ सप्टेंबर

आज तेर. धुरपदामावशी सकाळपासून नाराज. "पित्रांच्या पंधरवड्यात कोन हिंडतंय व्हय?" असं तीनदा म्हणाल्या. हे ऐकेनात.

मोटारीला बरीच गर्दी होती. कंडक्टरनं आमच्याकडं पाहिलं आणि न विचारता दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तीन वर्सावरल्या लेकराला अर्धं लागतंयच." मी तोंड उघडणार तोच ह्यांनी पैसे पुढं केले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बसताना ह्यांनी आमच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडली होती. एवढ्या गर्दीतही तिथं कुणी बसलं नाही.

तेरला जुन्या काळच्या मातीच्या वस्तू शेतात सापडतात. नांगरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ह्यांना मातीची एक इवलीशी बाहुली दिली. नदीकाठी हे एकटेच पुढं गेले. मी लांबून पाहत होते. ह्यांनी उजवा हात खाली सोडला होता आणि एक बोट पुढं केलं होतं, लहान मुलाला धरायला देतात तसं. आणि पावलं अगदी छोटी टाकत होते.

रविवार, २२ सप्टेंबर

आज कुठं गेलो नाही. सकाळी ह्यांचे केस विंचरायला घेतले, तर कानांवरचे केस पांढरे. एखाददुसरा नाही, सगळे. ह्यांचं वय सत्तावीस आहे.

ती बाहुली मागच्या खोलीत, चिंध्यांची साडी नेसवलेली होती. मी नेसवली नाही.

विचारलं तेव्हा ह्यांनी सगळं सांगून टाकलं, लपवाछपवी अशी केलीच नाही. ती आहे म्हणाले. ह्या घरात आहे. पहिल्यांदा रांगत आली, मग चालत, आता बोलते. परकर-पोलकं घालते. मी म्हटलं, तुम्ही नाव काय सांगितलंत त्या दिवशी? ते मात्र सांगेनात. म्हणाले, ते आमच्या दोघांतलं आहे. आणि मग रडले. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, तुझे नऊ दिवस तरी झाले, माझं काय? मला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

मी मावशींकडं गेले. त्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. चिंचेचं झाड म्हणताच हात थांबले. मला जवळ बसवून घेऊन म्हणाल्या, "रिकामा पाळणा हलवला आन् वर नाव बी घातलं? बया, आता तिला वाढायला वय नगं का? ते कुठनं आनायचं? ज्यानं नाव घातलं त्येच्याच वयातनं जातंय." त्यांच्या धाकट्या जावेच्या दादल्यानं असंच केलं होतं. तिशीतला गडी चार महिन्यांत म्हातारा होऊन गेला.

उपाय आहे. आईनं जायचं, नाव घालणाऱ्याला संगं न्यायचं. पाळणा हलत असेल तर हात लावायचा नाही. आपोआप थांबू द्यायचा. थांबला की विळ्यानं दोरी कापायची. काहीही ऐकू आलं तरी झोका द्यायचा नाही, दिला तर देणाऱ्याचंही वय जातं.

विळा त्यांनी लगेच दिला. मी तो फडताळात ठेवला.

रविवार, २९ सप्टेंबर

नवरात्र चालू आहे. तुळजापूर. पायऱ्यांवर कवड्यांच्या माळा विकणारी एक बाई मला म्हणाली, वडलांना जरा सावलीत बसवा, दमलेत. ह्यांना म्हणत होती. मग खाली वाकून हवेतच कुणाच्या तरी गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, नात गोड आहे हो.

सगळ्यांना दिसते. कंडक्टरला, कवड्यांवालीला, ह्यांना. नऊ महिने मी वाहिलं, नऊ दिवस मी पाजलं, आणि मलाच दिसत नाही.

विळा अजून फडताळातच आहे. ह्यांनी हात जोडले, थोडे दिवस थांब म्हणाले, तिला शाळेत घालू दे. मी ह्यांच्यासाठी थांबले असं स्वतःला सांगते, पण वहीत तरी खोटं कशाला लिहू? मला ती एकदा पाहायची आहे. नवऱ्याचं आयुष्य सरतंय आणि मी वाट पाहतेय. असली बायको मी.

रविवार, ६ ऑक्टोबर

ह्यांना काठी लागते. शाळेत जाणं बंद आहे. हेडमास्तर येऊन गेले, दारात ह्यांनाच विचारलं, गोपाळकृष्ण मास्तर आहेत का घरात?

दुपारभर हे पाटीवर मुळाक्षरं काढून देतात. पाटी पुसलेली असते आणि पुन्हा लिहिलेली असते. अक्षर ह्यांचं नाही. माझंही नाही.

हट्टानं तेरखेड्याला जाऊन आले. तिथं शोभेची दारू करतात. दिवाळीसाठी फुलबाज्या आणल्या, तीन पुडे. जाता-येता तिकिटं अडीच.

रविवार, १३ ऑक्टोबर

ह्यांना उठवत नाही. दोन दात पडले. मी उशाशी बसले होते. हे डोळे मिटून होते आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तेच, साताऱ्याला विचारलं होतं ते. कुणासारखी होती गं?

ह्या वेळी मी सांगितलं. पाच महिने दाताखाली धरून ठेवलं होतं ते सगळं सांगितलं. रंग तुमचा. कपाळ मोठं, जावळ दाट. रडताना आवाज अगदी बारीक, तीनदा रडून एकदा थांबायची. आणि हनुवटीला खळी, करंगळीचं टोक बसेल एवढी. तुमच्या आईंच्या हनुवटीला आहे तशी.

ह्यांनी डोळे उघडले. मागच्या खोलीच्या दाराकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, पण हिला खळी नाही.

ती आमची नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सकाळी हे हसत उठले. म्हणाले, अगं, आहे की खळी! मीच नीट पाहिलं नव्हतं.

म्हणजे रविवारी त्या खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. मी सांगत होते आणि ते ऐकत होतं.

हे म्हणतात, आता ती जोडाक्षरंसुद्धा वाचते. हुशार आहे हो तुझी मुलगी. तुझी, म्हणाले.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ठरलं. परवा जायचं. मावशी छकडा जुंपून देतील, उतारापर्यंत पोचवतील. पुढं आम्हीच.

मन वेडं असतं. अजून म्हणतंय, असलीच तर? कापलीस आणि तीच असली तर?

म्हणून एक खूण राखून ठेवलीय. ती मी ह्यांना त्या दिवशीही सांगितली नाही, आईलाही नाही, मावशींनाही नाही. पुढंही तोंडातून काढणार नाही. डाव्या कानाच्या मागं, कान मुडपल्याशिवाय दिसणार नाही असा, मोहरीएवढा तीळ. पाजताना मलाच दिसायचा. तो असेल तर माझी. नसेल तर विळा चालवायला माझा हात कचरणार नाही.

रविवार, २० ऑक्टोबर. सकाळी

आज वसुबारस. मावशी गाय-वासराची पूजा करताहेत. लेकुरवाळ्यांचा उपास. मी काय करावं, हे कुणी सांगत नाही. मीही उपास धरला.

वही रात्री उशाखाली ठेवली होती. सकाळी खाली जमिनीवर पडलेली होती, शुक्रवारचं पान उघडं. झोपेत हात लागला असेल.

दुपारी. चिंचेखाली

मावशी उताराच्या खाली थांबल्यात. ह्यांना मी पाठीवर घेऊन वर आणलं. वजन असं राहिलंच नाही. झाडाला टेकवून बसवलंय.

पाळणा हलतोय. त्या दिवसापासून हलतच असणार. मी लांब बसलेय. वही आणली, कारण लिहीत राहिलं की हात दोरीकडं जात नाही.

झोका कमी होतोय. रिकामाच दिसतो.

कमी —

आता जेमतेम हलतोय. विळा मांडीवर आहे. हे डोळे मिटून आहेत, श्वास चालू आहे. अजून थोडं. अजून थोडं थांबलं की ह्यांना घरी नेईन, मऊ भात करीन —

रडतंय.

तोच आवाज. बारीक. तीनदा रडून एकदा थांबतंय. हे मीच सांगितलं होतं, मला कळतंय, मीच सांगितलं होतं. ऐकायचं नाही. मावशी म्हणाल्या, काहीही ऐकू आलं तरी —

चोळी भिजली. पाच महिन्यांपूर्वी बांधून आटवलेलं दूध, ते आलं. दुधाला कुणी सांगितलं?

ह्यांना मोठी झालेली हवी होती. मला ती तेवढीच हवी होती. नऊ दिवसांची.

फक्त बघते. कान बघते आणि कापते.

दिसली. मला दिसली. जावळ, कपाळ, खळी. मूठ तोंडात घातलीय. इतकी लहान होती हे मी विसरले होते. थोडा झोका द्यावाच लागला, नाहीतर गुदमरेल रडून. आता गप्प आहे. एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं लिहितेय. विळा कुठं पडला कोण जाणे. बांगड्या सैल झाल्यात, कोपरापर्यंत येतात. हातावर ह्या शिरा कसल्या —

हे काही बोलत नाहीत. मी हाक मारली. तसेच बसलेत, हसल्यासारखे.

कान मुडपून पाहिला. डावा.

आहे. तीळ आहे. मोहरीएवढा, तिथंच. माझीच आहे गं बाई, माझीच. ही खूण मी जगात कुणालाही सांगितली नव्हती, ह्यांना नाही, आईला नाही. तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त ह्या वहीत लि